खुनाची गोष्ट मुलांच्या हातात द्यावी का?

बी-१०४: वहिनी, तुमच्या लेकीने माझ्या मुलीला 'मर्डर मोस्ट अनलेडीलाइक' वाचायला दिलंय. नाव बघूनच धास्तावले. पाचवीतल्या मुलींनी खून वाचायचा?

ए-३०२: ताई, आधी मी वाचलं, मगच तिला दिलं. रॉबिन स्टीव्हन्सचं २०१४चं पुस्तक. गोष्ट १९३४मधली, इंग्लंडातल्या मुलींच्या निवासी शाळेतली. तिथे शिकणाऱ्या हेझल वाँगला जिममध्ये विज्ञानाच्या बाई मरून पडलेल्या दिसतात. मैत्रिणीला, डेझीला, घेऊन परत येते तर प्रेत गायब! रक्तपात रंगवलेला नाही. भीती आहे, पण हेझल ती लपवत नाही, हे मला फार आवडलं.

सी-२०१: अगो, पण आमच्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे की. खून कशाला हवा?

ए-३०२: काका, बन्या आमच्याकडेही लाडका आहे. पण तिथे धाडस पुढे, इथे विचार. हेझल वहीत संशयितांची नावं लिहिते, त्या संध्याकाळी कोण कुठे होतं ते तपासते, खात्री पटली की एकेक नाव खोडते. नुसत्या संशयावरून कुणाला दोषी धरायचं नाही, हे मुलांना उपदेशाशिवाय कळतं.
रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे, हा त्यातला एक. आणखी एक असा, की गोष्टीत चिनी माणूस नको! तेव्हाच्या स्वस्त रहस्यकथांत तो हमखास खलनायक असायचा. इथे मात्र सगळी गोष्ट हाँगकाँगहून आलेली हेझलच सांगते. मुली तिला परकी मानतात, ते वाचताना लेक गप्प झाली. मग वर्गात परराज्यातून आलेल्या मुलीबद्दल आपणहून बोलायला लागली.
एक खटकलं. डेझी हेझलवर फार हुकूम सोडते आणि ती ऐकून घेते. त्यावर घरी बोलायलाच हवं.

बी-१०४: इंग्रजी झेपेल?

ए-३०२: थोडं जड जाईल. सुरुवातीला शाळेचा नकाशा आहे, शेवटी डेझीने शाळेतले शब्द समजावलेत. सोबत बसून वाचा.

सी-२०१: मराठीत हवं तर सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा बघा, अशोक जैनांनी आणलाय. उद्या नगर वाचनालयात चौकशी करतो.

बी-१०४: करा काका, मलाही कळवा. वहिनी, आज जेवणं झाली की पहिलं प्रकरण तिच्यासोबत वाचते.

ए-३०२: वाचा. गणपतीपर्यंत राहू दे तुमच्याकडे, घाई नाही.