आय-थ्री 7100, डोंगल आणि पत्रिकांचा हंगाम: विंडोज 11 वर जाऊ का?

सेलूची डीटीपी

नमस्कार मंडळी. सेलूहून लिहायलेय, जिल्हा परभणी. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज 10 आहे. त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आता मशीन चालू केलं की मधूनच पडदाभर पाटी येते, विंडोज 11 वर या म्हणून. मी 'नंतर' दाबते आणि कामाला लागते. पण असं किती दिवस दाबायचं? अपग्रेड करू का आहे तसं राहू देऊ, एवढाच प्रश्न आहे. मात्र आधी मशीन आणि काम ऐकून घ्या, नाहीतर निम्मे जण 'नवा लॅपटॉप घ्या ताई' म्हणून मोकळे व्हाल.

मशीन 2018 साली परभणीत असेंबल करून घेतलेलं. आय-थ्री 7100, रॅम 4 जीबी, 1 टीबीची साधी हार्डडिस्क. प्रिंटर एचपी लेझरजेट 1020, तो मशीनच्याही आधीचा आणि अजून कुरकुर नाही.

काम घरूनच टायपिंग आणि डीटीपीचं. लग्नपत्रिका, वास्तुशांती, दहाव्याची कार्डं, शाळांच्या घटक चाचण्यांचे पेपर, बचत गटांचे ठराव. सगळं पेजमेकर 7 मध्ये, थोडं कोरलमध्ये. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे, मागं यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय उघडतच नाही. इनस्क्रिप्ट मला येतं, पण बोटं टाइपरायटरच्या की-बोर्डला बसलेली. तो वेग इनस्क्रिप्टला येत नाही आणि आता या वयात आणायचाही नाही.

मिस्टरांचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकान बंद करून आले की रात्री नेट बँकिंग याच मशीनवर करतात. दिवसा मशीन माझं.

सल्ले भरपूर मिळालेत. बाजारातला रिपेअरवाला म्हणायलाय, पाचशे रुपये द्या, संध्याकाळपर्यंत 11 टाकून देतो. पुण्याचा भाचा म्हणतो, मामी, नेट लावूच नका, बँक रिकामी होईल. आणि घरातून एकच वाक्य: चालायलंय ना, मग कशाला हात लावायचा?

नवीन मशीनचं नाव यंदा काढायची सोय नाही. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, दुकानाची उधारी शेतकऱ्यांकडं अडकली, आणि मागायला तरी कोणत्या तोंडानं जायचं? त्यात तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू. तेव्हा मशीन चार दिवस बंद पडलं तर गिऱ्हाईक सरळ परभणीची गाडी धरतं आणि परत येत नाही. सांगा.

दगडी मॉनिटर, जालना

ताई, हार्डवेअरचं मी सांगतो, डोंगलचं दुसरं कुणीतरी सांगेल.

7100 मधला पहिला आकडा 7, म्हणजे सातवी पिढी. विंडोज 11 ला इंटेलची आठवी किंवा पुढची लागते, सातवीतले मोजके अपवाद सोडून. त्यात तुमचा आय-थ्री नाही. 8100 असता तर हा प्रश्नच आला नसता. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवून बघा, ते प्रोसेसरवरच अडेल. 11 ला लागणारी सुरक्षेची सोय, टीपीएम 2.0, कदाचित तुमच्या बोर्डात असेलही, बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. पण ते चालू करून प्रोसेसरचं दुखणं जात नाही.

रिपेअरवाला जे पाचशेत करणार ते म्हणजे ही तपासणी चुकवून 11 टाकणं. होतं ते. 7100 वर चालू पण होतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट मानत नाही, आणि दर वर्षीचं मोठं अपडेट पुन्हा असंच मागच्या दारानं टाकावं लागतं. 4 जीबी रॅम आणि फिरत्या डिस्कवर 11 कसं चालतं ते बघायचं असेल तर आधी चहा ठेवून बसा. रॅम वाढवा म्हणालो असतो, पण रॅमचे भाव सध्या चढायलेत.

अजून एक. पाचशेतलं विंडोज बहुतेक वेळा क्रॅक करूनच येतं. खोटा परवाना लावणारा तो ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करतात. ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकता त्यावर हे नको.

आत्ता करायचं ते हे. विंडोज 10 ला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, त्या योजनेला ईएसयू म्हणतात. मशीनवर 22एच2 ही आवृत्ती पाहिजे आणि मायक्रोसॉफ्टचं खातं पाहिजे. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट. तिथं उजवीकडं किंवा खाली 'एनरोल नाऊ' दिसेल. सेटिंग्ज खात्याला सिंक करू दिल्या की पैसे लागत नाहीत, नाहीतर 30 डॉलर किंवा 1,000 रिवॉर्ड पॉइंट. सिंक म्हणजे सेटिंग्जचंच. वनड्राइव्ह 'तुमचे फोल्डर जपतो' म्हणून विचारेल, त्याला नको म्हणा. त्याची फुकटची जागा 5 जीबी, तुमच्या कोरलच्या फायली त्यात मावणार नाहीत आणि डेस्कटॉपवरच्या फायली हलल्या की ऐन घाईत शोधत बसाल.

टर्मिनल, नांदेड

ताई, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका की! फुकट, हलकं, मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट. एक्सएफसीई आवृत्ती 4 जीबीवर आरामात चालते. पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, डिस्कला हात लावायची गरज नाही. आमच्या हॉस्टेलवर याच्याहून जुन्या मशीनवर चालायलंय.

दगडी मॉनिटर, जालना

पेजमेकर?

टर्मिनल, नांदेड

वाइनमध्ये, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बघता येईल. डोंगलचं अवघड आहे, हे मान्य.

सेलूची डीटीपी

टर्मिनलदादा, कळकळ समजली, पण 'बघता येईल' यावर मी पत्रिकेची तारीख देऊ शकत नाही. मुलीचा बाप दारात उभा असतो.

जालन्याच्या सरांनी सांगितलं तसं बघितलं. हेल्थ चेक प्रोसेसरवरच अडलं. 22एच2 आहे. एनरोलचं बटण दिसायलंय, पण खातं लोकल आहे, तेव्हा भाच्याला फोन करून खातं काढते. एक नवीनच दिसलं. अबाऊटमध्ये सिस्टिम टाइप म्हणून '32-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स64 प्रोसेसर' असं लिहिलंय. याचा काही संबंध आहे का?

खिळेजुळणी, लातूर

ताई, सगळा संबंध तिथंच आहे.

मी लातूरला छापखान्यात कंपोझिटर होतो. खिळे गेले, ऑफसेट आलं, मग डीटीपी. डोंगलवाली सॉफ्टवेअर मी तीन-चार प्रकारची हाताळली आहेत, म्हणून सांगतो.

32-बिट म्हणजे विंडोजची जुनी घडण, 64-बिट नवी. विंडोज 11 ची 32-बिट आवृत्ती निघालीच नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत 'अपग्रेड' असं काही नाहीच. 32-बिटवरून 64-बिटवर जायचं तर सगळं पुसून नव्यानं टाकावं लागतं, मग ते 10 असो की 11. तुमचा रिपेअरवाला संध्याकाळपर्यंत काय करणार होता, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. डिस्क फॉर्मॅट, आणि मग पेजमेकर, कोरल, फॉन्ट, डोंगल सगळं पहिल्यापासून.

पेजमेकर स्वतः 32-बिट आहे, ते 64-बिट विंडोजवर थोडं रुसत-फुगत का होईना चालतं. अडचण दोन ठिकाणी येते. काही जुन्या प्रोग्रामचे इन्स्टॉलर 16-बिटचे असतात. ते 64-बिटवर उघडतच नाहीत, सीडी कितीही चांगली असली तरी. दुसरं डोंगल. डोंगलला ड्रायव्हर लागतो, आणि 64-बिट विंडोजला तो 64-बिटचाच आणि सही केलेलाच लागतो. तुमच्या सीडीवर तसा असेल तर उत्तम. नसेल तर कंपनीकडून मिळवायचा, आणि कंपनी म्हणेल नवी आवृत्ती घ्या. म्हणून कुणालाही एक रुपया देण्याआधी डोंगल आणि सीडी घेऊन सेलूतच कुणाच्या तरी 64-बिट मशीनवर जा आणि लावून बघा. शाळेत असेल, नेट कॅफेत असेल. लातूरला येणं झालं तर माझ्याकडे या, चहा माझ्याकडून.

आणि हे आजच करा, अपग्रेड करा वा करू नका. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर आहे. ते जसंच्या तसं बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. तुमच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नाहीत, त्या फॉन्टवर उभ्या आहेत. फॉन्ट गेला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. मजकूर असून नसल्यासारखा. मी एका संस्थेचा जुना स्मरणिका अंक असा परत टाइप करून दिला आहे, पैसे पानामागे घेतले, पण जीव गेला.

पाथरीकर

मी तर नेटची वायर काढून टाकली आहे. सातबारा, फॉर्म, बँक सगळं मोबाइलवर. कॉम्प्युटरवर विंडोज 7 आहे, 2020 ला सपोर्ट संपला, अजून पावत्या छापायलाय. उगं धास्ती घेऊ नका.

दगडी मॉनिटर, जालना

पाथरीकर, वायर काढली हे बरोबर केलं. पण ताईंकडे गिऱ्हाईक मजकूर पेनड्राइव्हवर आणतं. शाळेचा पेनड्राइव्ह दहा मशीनमधून फिरून आलेला असतो, त्याला नेटची वायर लागत नाही. ताई, ऑटोप्ले बंद ठेवा आणि पेनड्राइव्ह उघडण्याआधी विंडोजमधल्याच डिफेंडर अँटिव्हायरसनं तपासा. डिफेंडरच्या व्हायरस ओळखायच्या याद्या विंडोज 10 ला ऑक्टोबर 2028 पर्यंत येत राहणार आहेत, तेवढी सोय आहे. मात्र याद्या अद्ययावत करायला अधूनमधून नेट जोडावं लागेल.

सेलूची डीटीपी

खिळेजुळणी काका, फॉन्टचं फोल्डर काल रात्रीच उतरवलं, जोडीला पेजमेकरच्या सगळ्या फायली. डोंगल इथल्या एका शाळेच्या मशीनवर लावून बघितलं, 64-बिट विंडोज 10 होतं. इन्स्टॉल झालं, उघडताना 'डोंगल सापडला नाही' म्हणालं. तेव्हा माझ्यापुरता निकाल लागला. पत्रिकांचं काम या 32-बिटवरच राहणार. भाच्यानं फोनवरून खातं काढून दिलं, ईएसयूला नाव लागलं. 'तुम्ही नोंदणीकृत आहात' असं दाखवायलंय.

आता राहिली मिस्टरांची बँक. पुढच्या ऑक्टोबरनंतर तेवढ्यासाठी काय करू? मोबाइलवर करा म्हटलं तर त्यांना आकडे मोठे लागतात, चष्मा लावायचा नाही.

टर्मिनल, नांदेड

ताई, आता तरी ऐका! डीटीपीला मिंट नको, बँकेला मिंट. एक 240 जीबीची छोटी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या, तिच्यावर मिंट. जुनी डिस्क तशीच राहू द्या. दिवसा विंडोज, रात्री काका मिंट उघडतील, फायरफॉक्समध्ये बँक. पुढच्या ऑक्टोबरपासून विंडोजला नेटच द्यायचं नाही. गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो मिंटमध्ये उतरवायचे आणि तिथूनच विंडोजच्या डिस्कवर टाकायचे, मिंटला ती डिस्क वाचता-लिहिता येते. फक्त विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंदच होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मिंट त्या डिस्कवर लिहायला नकार देतं.

दगडी मॉनिटर, जालना

पोरगं बरोबर बोललं. दोन जागी वेगळं सांगतो. काही बँकांमध्ये डिजिटल सहीचं टोकन लागतं, काकांच्या खात्याला लागत असेल तर लिनक्सवर ते चालतं का हे आधी विचारा. नुसता ओटीपी असेल तर अडचण नाही. दुसरं म्हणजे 1020 प्रिंटर मिंटवर जोडायच्या भानगडीत पडू नका. तो चालू झाला की दर वेळी कॉम्प्युटरकडून फर्मवेअर, म्हणजे स्वतः चालायचा प्रोग्राम, मागतो, लिनक्सवर त्यासाठी वेगळा प्लगइन टाकावा लागतो. छपाई विंडोजमधूनच करा.

खिळेजुळणी, लातूर

हे काम कधी करायचं तेही ठरवून टाका. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे पत्रिका नाहीत. शाळांना सुट्ट्या, पेपरही नाहीत. ऑक्टोबरच्या आत चार महिने हाताशी राहतात. माझ्या सगळ्या मशीनची झाडझूड मी अधिकातच करतो.

सेलूची डीटीपी

काका, हे मला सुचायला पाहिजे होतं, पंचांग तर शेजारीच टांगलेलं असतं! ठरलं. अधिकात एसएसडी. लेक-जावई धोंडे जेवायला येतील तेव्हा जावयाला वाणाबरोबर स्क्रू-ड्रायव्हर पण हातात देते, इंजिनिअर आहे तो.

एक शेवटचं. दोन डिस्क एकाच मशीनमध्ये लावल्या तर मिंट टाकताना माझी जुनी डिस्क चुकून पुसली जाणार नाही ना?

दगडी मॉनिटर, जालना

मिंट टाकताना जुन्या डिस्कची डेटा केबल काढून ठेवायला जावयाला सांगा. जी डिस्क जोडलेलीच नाही ती पुसली जात नाही. शिवाय मिंट सुरू करून देणारा बूटलोडरही जुन्या डिस्कवर जाऊन बसत नाही, म्हणजे उद्या एसएसडी बिघडली तरी विंडोज आपलं आपलं उठतं. मिंट नीट चालू झालं की मशीन बंद करून केबल परत जोडायची. मग चालू करताना कोणत्या डिस्कवरून उठायचं ते बूट मेनूत निवडायचं. त्याची बटणं बोर्डागणिक वेगळी असतात, बहुतेक एफ8, एफ11 नाहीतर एफ12. एकदा सापडलं की की-बोर्डच्या कडेला चिठ्ठी चिकटवा, काकांसाठी. मोठ्या अक्षरात.