मदत हवी आहे: प्रागची गर्दी आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी,
मे अखेरीस आईबाबांना घेऊन प्रागला जातोय. आईला दगडी फरसबंदीवर फार चालवत नाही, आणि गर्दीत तिचा जीव घाबरा होतो. जुन्या शहरात नेमकं हेच दोन्ही!

चार्ल्स पूल पहाटेच उरकायचा असं ठरवलंय. नंतर तिथे 30 पुतळ्यांपेक्षा सेल्फीवालेच जास्त दिसतात. किल्ल्यावर 22 नंबरच्या ट्रामने वर जाऊन चालत खाली यायचा बेत आहे. पण तिथल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलला रांगा असतात म्हणे. सकाळी उघडतानाच जावं की दुपारी तीननंतर? आणि उतरताना पायऱ्या टाळता येतील असा रस्ता कोणता?

1410 सालचं खगोलीय घड्याळ बाबांना बघायचंच आहे. तासाच्या ठोक्याला खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य फिरतात, खेळ मिनिटभरही चालत नाही, आणि त्यासाठी अख्खा चौक माना वर करून उभा. (खिसे सांभाळा, हे सगळेच सांगतात.) हे घड्याळ ज्यावर आहे त्या टाऊन हॉलच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, तिला रांग किती असते? आईला तेवढा वेळ टेकायला जवळपास निवांत जागा आहे का?

नुकतंच कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा. तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत.