पारख की पूर्वग्रह?

प्रश्न (नवापूर तालुका)
आमच्या ख्रिस्ती मंडळीतील एक तरुण बंधू दिवाळीनंतर उपासनेला येईनासा झाला, तेव्हा त्याचा विश्वास थंडावला असा निष्कर्ष मी काढला आणि प्रभूनेच मला हे दाखवले असे मानून प्रार्थनागटातही तसे बोललो. प्रत्यक्षात तो बारडोलीकडे ऊसतोडीला गेला होता. परतल्यावर तो गप्प राहू लागला, तर त्याचा अबोलाही मला पुरावाच वाटला. आत्मिक पारख आणि मनाचा पूर्वग्रह यांतला फरक आतून कसा ओळखावा?

उत्तर (धुळे)
मी मानसशास्त्र शिकवते. हा फरक आतून बहुधा जाणवतच नाही, हीच खरी अडचण आहे. पीटर वेसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २-४-६ हे आकडे देऊन त्यांमागील नियम शोधायला सांगितले होते. अनेकांनी ‘दोन-दोनने वाढणारे’ असा अंदाज बांधला आणि त्याला दुजोरा देणारेच आकडे पुढे केले. नियम मात्र ‘चढता क्रम’ एवढाच होता. १-२-३ विचारून पाहिले असते, तर ‘हेही नियमात बसते’ असे उत्तर मिळून अंदाज कोसळला असता. दादा, आपणही त्या बंधूच्या घरी जाऊन विचारले नाही. शिवाय आपली उपासना चुकली की कारण कापूसवेचणी, दुसऱ्याची चुकली की कारण त्याचा स्वभाव, हेही आपल्या सर्वांचेच आहे.

उत्तर (चोपडा)
बायबलमधील योहान ९ मध्ये जन्मांध माणूस दिसताच शिष्यांनी पाप त्याचे की आईबापांचे, एवढेच विचारले. येशूने दोन्ही पर्याय नाकारले. मात्र पूर्वग्रह स्वतःविरुद्धही चालतो. मुलाच्या आजारपणात पवित्र शास्त्र उघडले की मला शिक्षेचीच वचने दिसत, आणि त्याच पानावरील, पूर्वी मीच अधोरेखित केलेल्या सांत्वनाच्या वचनांवरून नजर घसरून जाई. तेव्हापासून प्रत्येक विनंती तारखेसह वहीत लिहिते आणि उत्तर न मिळालेलीही खोडत नाही. भीती गेली असे नाही, पण ‘देव कधीच ऐकत नाही’ असे आता म्हणवत नाही; ‘मागितले ते नेहमीच देतो’ हेही तितक्या सहज म्हणवत नाही.

उत्तर (शहादा)
इतकी तपासणी करत बसलो, तर कोणाला सावध करणेच थांबेल. मत्तय ७ मध्ये कुसळ काढूच नका असे म्हटलेले नाही. आधी मुसळ काढा, म्हणजे कुसळ काढायला नीट दिसेल, असे आहे.

प्रश्नकर्ता
काल त्याच्या घरी जाऊन आलो. मुकादमाची उचल फिटलेली नाही, म्हणून तो सर्वांनाच तोंड चुकवत होता. प्रार्थनागटात जे बोललो, ते येत्या बैठकीत तेथेच मागे घेणार आहे.