मदत हवी आहे: सासऱ्यांच्या फोन कंपनीच्या शेअर्सची मूळ खरेदी किंमत कशी शोधायची?

गुळपोळी:
मंगळवारी टॅक्सवाल्याकडे कागद द्यायचेत, म्हणून घाईत लिहितेय. सासऱ्यांचे फोन कंपनीचे शेअर्स विकले. ब्रोकरच्या फॉर्मवर खरेदी किमतीचा रकाना कोरा आहे. तिथे शून्य लिहिलं तर आलेल्या सगळ्या पैशांवर कर लागेल म्हणे. बिस्किटाच्या डब्यात जुनी स्टेटमेंटं आहेत, पण सगळ्यांत जुनं १९८९ चं. त्याआधी कितीला घेतले कोण सांगणार? यांना विचारलं तर म्हणतात, "बाबांना माहीत असेल." बाबा आहेत का आता? कृपया अनुभव असलेल्यांनीच लिहावं.

पर्वती_पायथा:
एमटीएनएल ना? मग मूळ किंमत शोधत बसूच नका. ३१ जानेवारी २०१८ चा बाजारभाव आणि मूळ किंमत, यांतला जास्त तो धरता येतो, फक्त तो बाजारभाव विक्रीच्या रकमेच्या वर धरता येत नाही. माझ्या भावाचं असंच केलं.

गुळपोळी:
अहो, एमटीएनएल कुठून आलं मध्येच? एटी अँड टी. सासरे होमडेलला त्यांच्याच संशोधन संस्थेत, बेल लॅब्समध्ये होते. आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीत असतो.

खारेदाणे:
हे वर लिहायला काय झालं होतं? आता पर्वतीकर जर्सी गाईवर लिहितील.

हिशेबी_सदू:
ताई, निवांत बसा. मामांसाठी मी हे केलंय, तीन वीकएंड गेले. १९८४ च्या १ जानेवारीला सरकारने मोठी कंपनी फोडली. दहा शेअर्समागे सात नव्या कंपन्यांचा एकेक शेअर मिळाला: अमेरिटेक, बेल अटलांटिक, बेलसाउथ, नायनेक्स, पॅसिफिक टेलिसिस, साउथवेस्टर्न बेल, यूएस वेस्ट. मूळ किंमत त्यांत विभागायची. १९९६ मध्ये ल्युसेंट वेगळी निघाली, मग एनसीआर. २००१ ला वायरलेस. २००२ ला केबलचा धंदा कॉमकास्टकडे आणि त्याच सुमारास पाच शेअर्सचा एक. २००५ मध्ये साउथवेस्टर्न बेलने, म्हणजे तोवरच्या एसबीसीने, आईलाच, म्हणजे एटी अँड टीलाच, विकत घेतलं आणि आईचं नाव लावलं. एका शेअरचे ०.७७९४२ झाले. सातांपैकी चार पोरी आज त्याच घरात परत आल्यात. एक्सेल तयार आहे, डब्यातली स्टेटमेंटं पाठवा.

कोपरखळी:
आमच्याकडे पुण्यात ओवायटीत (ओन युवर टेलिफोन योजनेत) पैसे भरून फोनची वाट बघत बसलो होतो. यंत्र आलं तेव्हा आजोबांनी हार घातला होता.

उंबरठा:
सदूभाऊ, एक्सेल जरा आवरा. ताई, सासरे कधी गेले? शेअर्स कुणाच्या नावावर होते?

हिशेबी_सदू:
त्याचा काय संबंध? खरेदी किंमत विचारलीय.

उंबरठा:
संबंध आहे. अमेरिकेत वारशाने आलेल्या शेअरची किंमत मालक गेला त्या दिवशीच्या बाजारभावाने नव्याने ठरते. १९७० साली कितीला घेतला याला मग अर्थच उरत नाही.

पर्वती_पायथा:
म्हणजे मधल्या सगळ्या वाढीवर कर नाही? आमच्याकडे वारसाला मूळ मालकाचीच किंमत चिकटते. मजा आहे तुमची.

गुळपोळी:
सासरे २००३ ला गेले. मग सगळं सासूबाईंकडे. त्या २०२१ ला गेल्या, गौरी आल्या त्या रविवारी.

उंबरठा:
हे सगळ्यात आधी लिहायचं असतं! सासूबाईंची तारीख धरा. रविवारी बाजार बंद, म्हणून आधीच्या शुक्रवारचा उच्चांक-नीचांक यांची सरासरी, सोमवारचीही तशीच, आणि त्या दोहोंची सरासरी. एक खाच आहे: नेटवर दिसणारे जुने भाव बऱ्याचदा नंतरच्या वाटणीनुसार कमी करून दाखवलेले असतात. एप्रिल २०२२ मध्ये दर शेअरमागे वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीचा ०.२४१९१७ शेअर मिळाला होता. त्या दिवशीचा खरा भाव घ्या आणि मग तो दोन कंपन्यांत वाटा. प्रमाण एटी अँड टीच्या गुंतवणूकदारांच्या पानावर आहे. लाभांश परत गुंतवत होत्या का?

गुळपोळी:
नाही, चेक यायचे. म्हणजे १९८४ ची भानगड नकोच? देव पावला! अजून एक, त्यातले ८० शेअर्स सासूबाईंनी २०१२ मध्येच यांच्या नावावर केले होते, आम्ही घर घेतलं तेव्हा. तेही वारशाचेच ना?

खारेदाणे:
😀😀 हप्त्याहप्त्याने माहिती.

उंबरठा:
नाहीत. ती भेट झाली. भेटीत देणाऱ्याची किंमतच पुढे येते. जुन्या स्टेटमेंटवर नावं कुणाची?

गुळपोळी:
डबा काढला. आधी सासरे, खाली सासूबाई, पुढे "जेटी टेन" असं काहीतरी.

उंबरठा:
दोघांची सामाईक मालकी. जर्सीत अशा वेळी अर्ध्या भागाला २००३ चा भाव मिळतो आणि अर्ध्याला मूळ खरेदी किंमत राहते. सामाईक खातं १९७७ च्या आधीचं असेल आणि पैसे सगळे सासऱ्यांचे असतील, तर पूर्ण भागाला २००३ चा.

गुळपोळी:
सासूबाई लग्न होऊन इकडे आल्या त्याच १९७८ ला.

हिशेबी_सदू:
म्हणजे ४० शेअर्सना १९८४ ची भानगड लागणारच! मी काय म्हणत होतो? पाठवा स्टेटमेंटं. २००३ चा भावही ०.७७९४२ ने फिरवावा लागेल, आणि हे ४० नेमके कुठल्या पोरीकडून आले तेही बघावं लागेल.

खारेदाणे:
सदूभाऊ, ४० शेअर्स. भाव २५ डॉलर धरला तर हजार डॉलर. शून्य किंमत लिहिली तरी पंधरा टक्क्यांनी दीडशे डॉलर कर. टॅक्सवाला एवढे तर तासाचे घेत असेल.

हिशेबी_सदू:
प्रश्न पैशांचा नाही.

गुळपोळी:
दीडशेच? मग त्या ४० ना शून्य लिहिते. उंबरठा, खूप आभार. सदूभाऊ, डबा बेसमेंटमध्ये परत गेला, पण १९८९ चं पान यांनी तुमच्यासाठी स्कॅन केलंय, व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवते.