मदत हवी आहे : लेकीच्या गुडघ्याची वाटी सारखी सरकते

मुलगी १७ वर्षांची, खो-खो खेळणारी. दोन वर्षांत उजवी वाटी तीनदा निखळली. तिसऱ्यांदा तर मैदानावर नाही, ओट्याखालचा डबा काढताना! वाटी बाहेरच्या अंगाला गेलेली नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. पाय हळूहळू सरळ केल्यावर जागेवर आली. आता जिना उतरताना कठडा सोडत नाही.

फिजिओथेरपी सहा महिने नेटाने केली. एमआरआयमध्ये वाटीला आतून धरून ठेवणारं एमपीएफएल लिगामेंट फाटलेलं, टीटी-टीजी अंतर (नडगीच्या हाडाचा पुढचा उंचवटा आणि मांडीच्या हाडातली वाटीची खाच यांच्यातलं आडवं अंतर) २१ मिमी. एक सर्जन म्हणतात, हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूचा) टेंडन घेऊन नवं लिगामेंट करू, तेवढं पुरे. दुसरे म्हणतात, अंतर २० च्या वर आहे, नडगीच्या हाडाचा उंचवटा कापून आतल्या बाजूला सरकवून स्क्रूने बसवायलाच हवा. हाड कापायचं ऐकल्यापासून सासूबाईंनी देव पाण्यात ठेवलेत.

दोन्ही एकदमच केलेलं कुणी आहे का? कुबड्या किती आठवडे लागल्या? गुडघा पूर्ण वाकायला लागला का? स्क्रू नंतर काढावे लागले का? आणि फक्त लिगामेंट केलेल्यांची वाटी पुन्हा सरकली का, हे मला सगळ्यात आधी हवंय. बारावीची परीक्षा तोंडावर आहे, म्हणून तारीख ठरवता येत नाहीये.

तेल-मालिश कृपया सुचवू नका, ते सगळं करून झालंय.