१४ नंबर कोणी कापला?

ग्रुप: शिवणकाम आणि इतर

नीलम, बी-४०२: नमस्कार. सभागृहाच्या कपाटातलं ड्रेस पॅटर्नचं पाकीट आज उघडलं. सगळ्या मापांच्या रेषा छापलेला पातळ कागद, म्हणजे टिश्यू, थेट १२ नंबरच्या रेषेवर कापलाय. १४ आणि १६ वाल्यांनी आता काय करायचं? उत्तर अपेक्षित आहे.

शोभाताई, ए-२०१: जांभळ्या पाकिटाचंही हेच झालं होतं. मूळ कागदाला कात्री लावायची नाही, वर बटर पेपर ठेवून गिरवायचं, असं तेव्हाच ठरलं होतं.

प्राची, सी-१०४: ठरलं होतं, पण कुठे लिहून लावलं होतं? 🙂

नीलम: म्हणजे तूच.

प्राची: असं मी कुठे म्हटलं?

जोशी काका, ए-३०४: सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे.

शोभाताई: काका, कापड अजून आणलंच नाहीये. प्राची, बाजूच्या कतरणी ठेवल्यास का? १४-१६ च्या रेषा त्यांच्यावरच आहेत. खाचा जुळवून परत चिकटवता येतात. आधी कोमट इस्त्री फिरव, वाफ बंद ठेवून. चिकटपट्टी त्यानंतर, नाहीतर ती वितळून इस्त्रीलाच बसते.

प्राची: सुक्या कचऱ्यात गेल्या.

सतीश, सी-३०१: सुक्या कचऱ्याची गाडी बुधवारी आलीच नाही. कमिटी यावर काही बोलणार का?

सेक्रेटरी: सतीशराव, तो विषय मुख्य ग्रुपवर घ्या.

सतीश: मुख्य ग्रुपवर विचारलं की वर ब्लाऊजचे फोटो येतात.

मीनल, बी-१०३: अहो, गाडी आली नाही म्हणजे कतरणी खालीच असतील! वॉचमनला सांगा कोणीतरी.

वंदनाकाकू, ए-१०२: नाही मिळाल्या तरी १२ वरून १४ काढता येतो. १२ ची छाती ३४, १४ ची ३६. फरक २ इंचांचा, म्हणजे पुढच्या-मागच्या अर्ध्या भागाला प्रत्येकी अर्धा इंच. तो सगळा बगलेच्या शिवणीत ढकलू नका. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, रुंद होतो, खांदा १२ चाच राहतो आणि कापड खांद्यापाशी ओढतं. बगलेला पाऊण हिस्सा द्या, उरलेला खांद्याच्या मध्यावर उभी चीर देऊन उघडा. मुंढ्याच्या आतल्या पट्टीलाही तेवढंच वाढवा, नाहीतर ती आखूड पडते.

मीनल: रेडीमेड एम घालणाऱ्यांनी १२ घ्यायचा ना?

वंदनाकाकू: रेडीमेडचा नंबर विसरा, टेप लावा. पाकिटामागचं माप अंगाचं असतं. तयार ड्रेसचं माप टिश्यूवर छातीच्या टोकाशी, वर्तुळातल्या अधिक चिन्हाजवळ छापलेलं असतं. दोन्हीतला फरक म्हणजे सैलपणा. आणि हे अमेरिकन पॅटर्न बी कपावर बेतलेले. छाती भरलेली असेल तर टेप बगलेखालून, छातीच्या वरून घ्या, त्या मापाचा नंबर निवडा आणि फक्त छातीत वाढवा. नुसता मोठा नंबर घेतला की गळा उघडा पडतो.

जोशी काका: सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे.

नीलम: काका 🙏

सुलभा, सी-२०२: मी तर क्लासमध्ये सगळीकडे १ इंच मार्जिन जास्त ठेवायलाच शिकवते. आपली पद्धत तीच.

शोभाताई: सुलभाताई, या पाकिटात शिवणीसाठी दीड सेंटीमीटर मार्जिन आधीच धरलेलं आहे. वर १ इंच ठेवलं आणि टीप कडेपासून दीड सेंटीमीटरवरच मारली, तर दोन्ही बगला मिळून ड्रेस ४ इंच सैल. जर्मन मासिकातल्या नमुन्यात मार्जिन नसतं, तिथे तुमची पद्धत बरोबर.

सुलभा: वीस वर्षं क्लास चालवतेय, कुणाचा ड्रेस पिशवी झाला नाही. असो.

शोभाताई: तसं म्हटलं नाही हो. असो.

मीनल: मुद्द्यावर या. मलमल घ्यायची की कॅम्ब्रिक? पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच चालेल का?

वंदनाकाकू: पाकिटावर ४५ आणि ६० चा हिशोब दिलाय. ४४ च्या पन्ह्याला ४५ चा आकडा धरा, वर पाव मीटर जास्त घ्या. फुलं एकाच दिशेला असतील तर तक्ता वेगळा, कापड आणखी लागतं. मलमलला अस्तर हवंच, सुई ११ नंबर. टिश्यूवरचा बाण काठाला समांतर ठेवा, दोन्ही टोकांना टेपने मोजून. डोळ्यांनी बघून ठेवला की घेर पायात वळतो.

शोभाताई: गळा कापल्या कापल्या कडेपासून सव्वा सेंटीमीटरवर एक साधी टीप मारून टाका, खांद्यापासून मध्यापर्यंत, दोन्हीकडून. नाहीतर मलमलचा गळा हाताळतानाच ताणतो आणि मग उरेप, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावली तरी फुगतो.

सेक्रेटरी: वॉचमनने पिशवी बाजूला ठेवली आहे. कतरणींसोबत त्यात वापरलेली चहापूडही आहे. सुका कचरा सुका असावा, ही विनंती.

प्राची: चहा आमचा नाही.

नीलम: १४ ची पाठ चहात भिजलीय.

मीनल: जोशी काका, आता बोला!

जोशी काका: कागद भिजवू नये.

शोभाताई: टिपकागदात दाबून सुकवा, ओला असताना ओढू नका. शनिवारी ४ ला सभागृहात गिरवू. बटर पेपर अप्पा बळवंत चौकातून मी आणते. पेन्सिल आणा, बॉलपेन टिश्यू फाडतं.

सुलभा: मी येणार नाही. क्लास आहे.

सतीश: शनिवारी गाडी तरी येणार का?