विषय: पक्ष नोंदवायचा की रकाना रिकामा ठेवायचा? (न्यू जर्सी, २ जून २०२६ ची प्रायमरी)

एडिसनहून:

नमस्कार मंडळी,
आम्हा दोघांची नागरिकत्वाची शपथ झाली. मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्षाचा रकाना आहे. तो रिकामा ठेवला तर नोव्हेंबरात मत देता येतं ना? आणि एखादा पक्ष लिहिला तर त्यालाच मत द्यावं लागतं का? मुलीला ऑक्टोबरात अठरा पूर्ण होतील, तिचं काय?

प्रिन्सटनहून:

दादा, दोघांचं मनापासून अभिनंदन!

नोव्हेंबरात या रकान्याचा काही संबंध नाही. सगळ्यांना तीच मतपत्रिका मिळते आणि मत गुप्त असतं. रकाना लागतो तो प्रायमरीला, पक्षाचा उमेदवार ठरतो तेव्हा.

रिकामा ठेवलात तर तुम्ही 'अनअफिलिएटेड', म्हणजे कुठल्याच पक्षात नोंद नसलेले. अशा मतदाराला आपल्या राज्यात प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन, यांतला एक पक्ष सांगून मत देता येतं. पण सांगितलात की तुमची त्या पक्षात नोंद झाली, आणि ती पुढच्या वर्षीही तशीच राहते. नको असेल तर प्रायमरीनंतर पक्ष-घोषणेचा फॉर्म भरून नाव काढून घ्यायचं.

खरी अडचण पक्ष बदलताना येते. एकदा नोंद असली की बदलाचा फॉर्म प्रायमरीच्या ५५ दिवस आधी, म्हणजे यंदा ८ एप्रिलपर्यंत, म्युनिसिपल क्लार्क किंवा काउंटीच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे दाखल व्हायला हवा. केंद्रावर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नाही. दोन्ही मोठे पक्ष नकोत म्हणून ग्रीन किंवा लिबर्टेरियनवर खूण करणारेही इथेच फसतात. त्या पक्षांची प्रायमरी होत नाही, आणि खूण केल्यावर तुम्ही 'अनअफिलिएटेड'ही उरत नाही. कुणाचंच व्हायचं नसेल तर पक्ष नको असं सांगणाऱ्या चौकटीतच खूण करा.

टपालाने मत देणाऱ्यांनो, पक्ष नोंदवलेला नसेल तर प्रायमरीची मतपत्रिका आपोआप घरी येत नाही. आधी घोषणेचा फॉर्म द्यावा लागतो.

मुलीसाठी आनंदाची गोष्ट: जानेवारी २०२६ पासून सतरा वर्षांच्या मुलांना प्रायमरीत मत देता येतं, नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर. नवी नोंदणी २१ दिवस आधी, म्हणजे १२ मेपर्यंत व्हायला हवी. तिघांचे फॉर्म एकदमच भरा.

आता कुठला पक्ष? आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था आहे आणि अशा संस्थेला पक्षाचा प्रचार करता येत नाही, त्यामुळे पक्षाचं नाव मंडळाच्या या ईमेल-यादीवर कुणीच सुचवू नये. निकष मात्र सांगते. काउंटी क्लार्कच्या साइटवर तुमच्या टाउनशिपचे मागचे चार-पाच नोव्हेंबरचे निकाल काढा. एकाच पक्षाचे लोक दर वेळी मोठ्या फरकाने येत असतील, तर मेयर आणि कौन्सिल जूनमध्येच ठरतात. माझं स्पष्ट मत, अशा गावात रकाना रिकामा ठेवून जूनला घरी बसणं म्हणजे अर्धा हक्क सोडून देणं. त्यात पूर्वी काउंटीतल्या पक्षाने पाठिंबा दिलेल्यांची नावं एकाच ओळीत छापली जायची आणि बाकीचे कोपऱ्यात पडायचे. २०२४ मध्ये सिनेटच्या जागेसाठी उभे असलेले डेमोक्रॅटिक उमेदवार अँडी किम यांच्या दाव्यात न्यायालयाने त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ही पद्धत थांबवली. आता पदानुसार नावं छापतात, म्हणून प्रायमरीतल्या मताला पूर्वीपेक्षा वजन आलंय.

क्वीन्सहून:

ताई, एक जोड. जर्सीहून इकडे राहायला येणाऱ्यांनी तिकडचा नियम डोक्यातून काढून टाकावा. न्यूयॉर्कमध्ये पक्ष नसेल तर पक्षाच्या प्रायमरीत मत नाही, केंद्रावर सांगून चालत नाही. आधीच नोंद असलेल्यांना बदल १४ फेब्रुवारीपर्यंतच करता येतो, त्यानंतरचा फॉर्म जूनच्या प्रायमरीनंतर लागू होतो. नव्याने नोंदणी करणाऱ्याला मात्र तेव्हाच पक्ष लिहिता येतो. म्हणून पहिल्या फॉर्मवर घाई करू नका.

एडिसनहून:

धन्यवाद ताई! पक्षाचं नाव लोकांना दिसतं का?

प्रिन्सटनहून:

हो. नाव, पत्ता आणि पक्ष मतदार यादीत असतात आणि प्रचारवाले ती यादी मिळवतात. फोन आणि पत्रकं येणारच. मत कुणाला दिलंत हे मात्र कुणालाच कळत नाही.

आणि एक कळकळीची विनंती, घरातल्या ग्रीन कार्ड आणि एच-१बी वाल्यांसाठी. लायसन्स काढताना एमव्हीसीमध्ये (राज्याच्या मोटार वाहन कार्यालयात) मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. नागरिक असल्याच्या चौकटीत चुकूनही खूण करू नका, सही करण्याआधी छापील कागद वाचून घ्या. त्या एका खुणेमुळे पुढे नागरिकत्व अडतं, देशाबाहेर काढण्याची कारवाईसुद्धा होऊ शकते. नाव आधीच चुकून यादीत गेलं असेल तर स्वतःहून काही लिहून देऊ नका, आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा.